आधी तेल, मग पाना

घरची जुनी गाडी तुमच्या ताब्यात आलीय. खड्ड्यातून गेली की पुढून खडखड, वळणावर डुलते. शॉकअप गेलेत. नवे आणले, व्हिडिओ पाहून झाले, मित्र पान्यांचा सेट घेऊन आला. व्हिडिओत तासाभरात उरकलेलं काम तुमच्याकडे पहिल्याच बोल्टपाशी अडतं. जोर लावला, पान्याला पाइप अडकवून आणखी जोर लावला आणि कटक्! बोल्टचं डोकं हातात, तुकडा आत.

टेन्शन घेऊ नका, मुरलेल्या मेकॅनिकच्या हातूनही बोल्ट तुटतात. फक्त पुढचं पाऊल घाईत टाकू नका.

बोल्ट अडतो का?

गाडीखालचे नट-बोल्ट दर पावसाळ्यात चिखलपाणी खातात. मुंबई, कोकण, गोव्यात खारा वाराही असतोच. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आट्यांमधली फट भरून नट जॅम होतो. त्यात बोल्ट आतून झिजून बारीक झालेला. मग पीळ दिला की नट सुटण्याऐवजी बोल्टच तुटतो.

तयारी आदल्या दिवशी

वायर ब्रशने आटे साफ करा, पेनिट्रेटिंग ऑइल मारा आणि रात्रभर मुरू द्या. ब्रेकच्या डिस्कवर मात्र थेंबही उडू देऊ नका. प्रत्येकाच्या घरी असतो तो डब्ल्यूडी-४० चालेल का? त्यातलं ‘डब्ल्यूडी’ म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, म्हणजे पाणी हटवणं, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. १९५३ मध्ये अमेरिकेत तो गंज लागू नये म्हणून बनवला गेला. थोडीफार मदत होते, पण जुन्या गंजासाठी खास पेनिट्रेटिंग ऑइलच बरं.

दुसऱ्या दिवशी गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड हवेतच. डोळ्यांवर गॉगल लावा. रिंग पाना किंवा सहा पैलूंचा सॉकेट घ्या, फिक्स पान्याने कोपरे घासले जातात. बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे चार ठोके द्या, गंजाची पकड सुटते. आधी किंचित आवळा, मग सोडवा. थोडा फिरला की परत मागे घ्या, पुन्हा तेल मारा. असंच पुढे-मागे करत काढा.

तरीही हलत नसेल तर गॅसची ज्योत. तापलेला नट प्रसरण पावतो आणि सुटतो. पण आधी मारलेलं तेल पुसून घ्या, रबरी बुश आणि ब्रेकच्या पाइपपासून ज्योत लांब ठेवा. शॉकअपजवळ तर नेऊच नका, आत तेल आणि बऱ्याचदा दाबाखालचा गॅस असतो.

तुटलाच तर?

बोल्ट आरपार असेल तर नशीब समजा. नट ग्राइंडरने कापा आणि उरलेला तुकडा पंच लावून ठोकून काढा. तुकडा बाहेर डोकावत असेल तर व्हाइस ग्रिपने पकडून फिरवा. नाहीतर वेल्डरकडून त्याच्यावर नवा नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेनेच अर्धं काम होतं. आधी बॅटरीची वायर मात्र काढा.

तुकडा आतच बसला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारा, बारीक ड्रिलपासून सुरुवात करा, मग एक्स्ट्रॅक्टर लावा. इथे जोर नकोच. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याला कापत नाही. हाताला अंदाज येत नसेल तर इथेच थांबा आणि लेथवाल्याला बोलवा. त्यात कमीपणा नाही.

आणि एक सक्त मनाई. स्प्रिंग कॉम्प्रेसरने स्प्रिंग दाबल्याशिवाय शॉकअपच्या माथ्यावरचा मधला नट खोलायचा नाही. स्प्रिंग उसळून जीवावर बेतू शकतं.

नवा बोल्ट कुठला?

खरी चूक इथे होते. तुकडा निघाल्याच्या आनंदात कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून ‘त्याच साइजचा’ बोल्ट येतो. जुन्याच्या डोक्यावरचे आकडे वाचा. ८.८ म्हणजे तो तुटायला ८०० मेगापास्कल ताण लागतो आणि त्याच्या ८० टक्क्यांवर तो कायमचा वाकायला लागतो. १०.९ म्हणजे १००० आणि ९० टक्के. हायवेवर तुमचं चाक याच बोल्टच्या भरवशावर असतं. म्हणून तोच ग्रेड, शक्यतो कंपनीचाच पार्ट घ्या.

बसवताना टॉर्क रेंच वापरा, मॅन्युअलमधला आकडा पाळा. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून मगच शेवटचे आवळा, नाहीतर बुश पिळलेला राहून लवकर फाटतो. मग व्हील अलाइनमेंट करून घ्या. दोन-चार दिवस गावातच चालवा, सगळे बोल्ट पुन्हा तपासा. लोणावळ्याचा प्लॅन त्यानंतर.