घराच्या कोपऱ्याशी न्हाणीचं पाणी

मृग जवळ आला की आपण टिनावरचे दगड नीट करतो, सरपण आत घेतो, गोवऱ्या झाकतो. यंदा आमच्या गटानं त्यात एक काम वाढवलं आहे. प्रत्येकीच्या घराभोवती एक चक्कर मारायची आणि पाणी कुठं पडतं, कुठं थांबतं ते पाहायचं.

त्याला कारणही तसंच घडलं. बार्शीटाकळीच्या आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरकुलाला चैत्रात तडा गेला. मागच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपा, थेट जोत्यापर्यंत. "पाऊस तं अजून आलाच नाही, अन् घराले तडा काऊन गेला वं?" असं त्या विचारत होत्या. मिस्त्रीनं सिमेंट भरून दिलं. महिनाभरात तडा पुन्हा उघडला. मग आम्ही चार-पाच जणी घराच्या मागं गेलो. सगळं अंगण भेगाळलेलं, हात जाईल एवढ्या भेगा. आणि एका कोपऱ्यात मात्र न्हाणीचं पाणी साचलेलं, हिरवंगार गवत, भिंतीला कमरेएवढी ओल. तडा गेला होता तो नेमका तिथं.

आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. वावरात हे आपण दरसाल पाहतो, पण घरही त्याच मातीवर उभं आहे हे विसरतो. घराच्या मधल्या भागाखालची माती छपराखाली झाकलेली असते, तिची ओल फारशी बदलत नाही. कडेची माती मात्र पावसाळ्यात वर येते, उन्हाळ्यात खाली बसते. कोपऱ्याला तर दोन बाजूंनी ऊन-पाणी लागतं. त्यात एक कोपरा बारा महिने ओला राहिला आणि बाकीची बाजू सुकली, तर एक कोपरा वर उचललेला आणि बाकी घर खाली बसलेलं, असं होतं. भिंत वाकत नाही, ती फाटते. म्हणून तडा पावसातच जाईल असं नाही, भर उन्हाळ्यातही जातो.

जुन्या माणसांना हे माहीत होतं. काळी पेरायला आणि पांढरी राहायला, अशी गावाची वाटणी होती. गावठाण पांढरीवर, घराच्या भिंतीही पांढऱ्या मातीच्या. आता गावं वाढली, प्लॉट पडले ते काळ्या वावरात. घर पक्कं झालं, पण त्याच्या खालची जमीन बदलली. मातीचं घर थोडं हललं तर आपण लिंपून घेत होतो. विटा-सिमेंटाचं घर तेवढं सोसत नाही.

आता एक हिशोब सांगतो, तो आम्ही बैठकीत मांडला तेव्हा आम्हीच चाट पडलो. घराचं टिन २० फूट बाय २५ फूट धरा. अकोल्याकडं वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस धरला, तर त्या टिनावर वर्षभरात सुमारे ३७ हजार लिटर पाणी पडतं. आणि आंघोळ, कपडे, भांडी मिळून घरातून रोज २०० लिटर सांडपाणी निघालं, तर वर्षाचं होतं ७३ हजार लिटर. म्हणजे अख्ख्या छपरावरच्या पावसाच्या जवळजवळ दुप्पट पाणी आपण आपल्या हातानं एकाच कोपऱ्यात ओततो. पावसाला आपण नावं ठेवतो, न्हाणीला कोणी काही म्हणत नाही!

तरी पाऊसही सोडून चालणार नाही. जुलै २०२१ मध्ये अकोल्यात एका रात्रीत २०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, मोर्णा नदी घरात शिरली. तेवढा रोज पडत नाही. पण दोन इंचाच्या साध्या पावसातही त्याच टिनावरून २३०० लिटर, म्हणजे १५ लिटरचे दीडशे गुंड पाणी वळचणीखाली पडतं. तिथं चर पडलेला असेल तर ते पाणी पायातच उतरतं.

म्हणून पहिलं काम न्हाणीचं. पाइप टाकून ते पाणी भिंतीपासून निदान १० फूट लांब न्या. तिथं नाली असेल तर नालीत, नाही तर केळी-अळूला द्या. न्हाणीच्या तोंडाशी गिट्टी भरलेलं एखादं फुटकं मडकं ठेवलं की केस, शितं तिथंच अडतात, पाइप तुंबत नाही. केळ भिंतीला चिकटून लावू नका, नाही तर पाणी आलं तिथंच.

शोषखड्डा चांगला आहे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून डासांना आळा घातला, हे पुष्कळ जणींनी ऐकलं असेल. पण जाड काळ्या मातीत तो डोळे झाकून करू नका. आधी एक फूट खोल खड्डा घ्या, आदल्या दिवशी भिजवा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भरा. सकाळी पाणी तसंच दिसलं तर तिथं शोषखड्डा भरून वाहणार हे नक्की. मुरूम लागेपर्यंत खोदता आलं तरच करा, आणि तोही भिंतीपासून लांब.

दुसरं काम उताराचं. भिंतीपासून १० फुटांत जमीन सहा इंच तरी खाली उतरली पाहिजे. हे डोळ्यांनी कळत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून दोघी दोन टोकांना धरा. दोन्हीकडं पाणी एका पातळीत उभं राहतं, तिथून जमिनीपर्यंत टेपनं मोजा. मिस्त्री हेच करतो, आपल्यालाही येतं. भिंतीला लागून तीन फूट रुंद फरशी किंवा काँक्रीट करा, बाहेरची कड दोन इंच खाली. नुसता मुरूम टाकून सोडू नका, त्यातून पाणी खालीच जातं. भिंत आणि फरशीमधली फट दरसाल डांबरानं बुजवा. टिनाला पन्हाळ लावायला पैसे नसतील तर निदान वळचणीखाली फरशी असू द्या.

नवीन घरकुल बांधणाऱ्यांनी पाया खोदताना स्वतः उभं राहावं. काळी माती संपून मुरूम लागला का, ते पाहावं. फार खोल असेल तर अभियंत्याला विचारावं. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनं अशाच मातीसाठी तळाशी फुगीर खांबांचा पाया विकसित केला आहे. जोत्यात उकरलेली काळी माती परत भरू देऊ नका.

एक गोष्ट मात्र एकटीच्या हातातली नाही. रस्त्यावर काँक्रीटवर काँक्रीट चढतं, रस्ता उंच होतो आणि अंगणं खाली जातात. मग सगळ्या गल्लीचं पाणी दारात. रस्ता मंजूर होतानाच नाली कोणत्या बाजूनं आणि किती खोल, हे विचारावं लागतं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते, तिथं हे मांडा आणि ठरावात लिहून घ्या. आपलं पाणी वळवताना शेजारणीच्या भिंतीकडंही पाहा, नाही तर तडा तिच्या घराला जायचा आणि भांडण आपल्या दारात यायचं.

ताईंनी पाइप टाकला आहे, १२ फूट लांब. तडा अजून भरलेला नाही. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहिली आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यायचा, टोक खुणेच्या पुढं गेलं नाही तर मगच मिस्त्रीला बोलवायचं. आणि बोट शिरेल एवढा तडा वाढला, किंवा दार-खिडकी अडकायला लागली, तर वाट न पाहता अभियंत्याला दाखवायचं. दिवाळीनंतर आम्ही तिथं पुन्हा जाणार आहोत.