विश्लेषण : ऑनलाइन स्लॉट ‘सुरक्षितपणे’ खेळता येतो का? तिलारी घाटाच्या वर आणि खाली नियम काय?

‘पाचशे भरा, पाचशे बोनस मिळवा’ असा संदेश आणि खाली एक लिंक. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर फिरणाऱ्या अशा लिंक चंदगडसारख्या डोंगराळ तालुक्यातल्या मोबाइलवरही सहज पोहोचतात. लिंक उघडली की फळे, घंटा आणि ‘७’ आकडा असलेली रंगीत चाके फिरू लागतात. हाच ऑनलाइन स्लॉट. ‘मर्यादेत खेळा, जबाबदारीने खेळा’ असा सल्लाही अनेकदा तिथेच छापलेला असतो. हा सल्ला खरोखर उपयोगी पडतो का? स्लॉटचे गणित काय आणि कायदा काय म्हणतो?

स्लॉट मशिन चालते कसे?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे या कारागिराने तीन चाकांचे ‘लिबर्टी बेल’ यंत्र बनवले. तीन चाके आणि प्रत्येकावर दहा चिन्हे धरली, तर १० × १० × १० म्हणजे एक हजार जुळण्या होतात. चाके डोळ्यांसमोर असल्याने शक्यतेचा अंदाज निदान बांधता येई.

१९८४ मध्ये इंगे टेलनेस या गणितज्ञाला अमेरिकेत एक पेटंट मिळाले आणि चित्र बदलले. चाक कुठे थांबणार हे यंत्रातली संगणकीय आकड्यांची यादी ठरवू लागली. पडद्यावर मोठ्या बक्षिसाचे चिन्ह इतर चिन्हांएवढेच दिसते, पण यादीत त्याच्या वाट्याला कमी आकडे आणि शेजारच्या रिकाम्या जागांना जास्त आकडे देता येतात. ‘अगदी थोडक्यात हुकले’ असे वारंवार वाटते, ते यामुळेच. मोबाइलवरच्या स्लॉटमध्ये तर चाकच नसते. बटण दाबताच निकाल ठरतो आणि नंतर दिसते ती केवळ सजावट. मागच्या दहा वेळा हरलो म्हणून अकराव्या वेळी जिंकण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही.

‘९६ टक्के परतावा’ म्हणजे काय?

अनेक स्लॉट ९६ टक्के परताव्याचा दावा करतात. शंभर रुपये लावले की ९६ परत मिळणारच, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात ही लाखो डावांची सरासरी असते आणि ती एका डावापुरती असते, पूर्ण बैठकीसाठी नसते.

समजा, एक हजार रुपये घेऊन बसलेल्या खेळाडूने सगळी रक्कम एकदा लावली. सरासरीने ९६० उरले. ते पुन्हा लावले. अशा दहा फेऱ्यांनंतर सरासरी ६६५ रुपये उरतात आणि पन्नास फेऱ्यांनंतर फक्त १३०. वेगाचाही हिशेब आहे. दहा रुपयांचा डाव मिनिटाला दहा वेळा खेळला, तर तासाला सहा हजार रुपयांची उलाढाल होते. त्यातले सरासरी २४० रुपये कंपनीच्या खिशात जातात. मटक्याचा आकडा ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ला लागायचा, मधले काही तास माणूस कामाला लागायचा. स्लॉटमध्ये तो थांबा काही सेकंदांचाही नाही. शिवाय, परवाना नसलेल्या ॲपवर ९६ हा आकडा तरी खरा आहे का, हे तपासणारे कोणीच नसते.

चंदगडमध्ये कायदा काय सांगतो?

चंदगडच्या एका अंगाला कर्नाटकातला बेळगाव जिल्हा, तर दुसऱ्या अंगाला तिलारी घाट उतरून दोडामार्गमार्गे गोवा. गोव्याने १९९२ मध्ये जुगारविषयक कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनना परवानगी दिली. पुढे मांडवी नदीतल्या जहाजांवर कॅसिनो आले. तिथे २१ वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नाही. खुद्द गोव्याच्या रहिवाशांनाही सरकारने २०२० पासून कॅसिनोत खेळण्यास बंदी केली आहे.

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. राज्याने १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला होता. पण तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला.

मोबाइलवरच्या खेळांसाठी संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये देशभराचा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो नशिबाचा असो वा कौशल्याचा, या कायद्याने निषिद्ध ठरवला आहे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याचा रोख खेळणाऱ्यावर नसून खेळवणाऱ्यावर आहे.

मग ‘जबाबदारीने खेळा’ या सल्ल्याचे काय?

रक्कम आधी ठरवा, वेळ ठरवा, हरलेले वसूल करायला जाऊ नका, हे नियम चुकीचे नाहीत. पण जिथे यंत्रावरही लगाम असतो, तिथल्यासाठी ते बनले आहेत. ब्रिटनमध्ये ऑनलाइन स्लॉटच्या दोन डावांत किमान अडीच सेकंदांचे अंतर सक्तीचे आहे. २०२५ पासून एका डावाला पाच पौंड, तर १८ ते २४ वयोगटासाठी दोन पौंड अशी कमाल मर्यादा आहे. खेळाडूला स्वतःवर बंदी घालून घेण्याची सोयही आहे.

लिंकवरून उतरवलेल्या बेकायदा ॲपवर यातले काहीच नसते. पैसे भरताना यूपीआयवर दर वेळी वेगळ्याच व्यक्तीचे नाव दिसते. काढायला गेल्यावर ‘आधी शुल्क भरा’ अशी अट पुढे येऊ शकते. जिंकलेली रक्कम अडकली, तर न्यायालयाचा आधारही नाही. कारण १८७२ च्या करार कायद्यातील कलम ३० नुसार पैजेचा करारच निरर्थक ठरतो. म्हणून फोनवरच्या स्लॉटपुरते सांगायचे, तर सुरक्षित रक्कम एकच : शून्य.

वर्षाचे उसाचे बिल किंवा काजूचे पैसे ज्या खात्यात एकरकमी जमा होतात, त्याच खात्याला यूपीआय जोडलेले असेल, तर धोका आणखी वाढतो.

आधीच अडकले असल्यास काय करावे?

• हरलेले परत मिळवण्यासाठी एकही रुपया भरू नये. ‘पैसे सोडवण्यासाठी’ मागितलेले शुल्कही नाही.

• फसवणूक झाली असल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवणे अवघड. व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट पुसू नयेत.

• ॲप काढून टाकावे. अनेक बँकांत यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून घेता येते. बचतीचे खाते यूपीआयपासून वेगळे ठेवावे.

• ‘कमिशन देतो, खाते वापरायला दे’ अशा आमिषाला भुलू नये. जुगाराचा पैसा फिरला, तर पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

• थांबावेसे वाटते पण थांबता येत नाही, घरी खोटे बोलावे लागते, उधारी वाढते, ही आजाराची लक्षणे असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराच्या विकाराची नोंद आहे. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही समुपदेशन मिळते.

घरच्यांनी काय करावे?

मुलाचे कर्ज गुपचूप फेडून टाकणे हा पहिला विचार असतो. पण कर्ज फिटले आणि ॲप तसेच राहिले, तर चक्र पुन्हा सुरू होते. आधी सगळी देणी एका कागदावर लिहून काढावीत, काही काळ खात्याचे व्यवहार घरातल्या विश्वासू व्यक्तीकडे द्यावेत आणि समुपदेशकाशी बोलावे. रागावण्याने माणूस लपवायला शिकतो. आकडा कागदावर आला की मदत करता येते.