लखनौ चिकन : अस्सल आणि नक्कल

लखनौच्या चौक व अमीनाबाद या बाजारांत हाताने भरलेल्या चिकनच्या कुर्त्याशेजारीच यंत्रावर काढलेली त्याची नक्कल विकली जाते. 'लखनौ चिकन'ला २००८ मध्ये भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. खोटे निर्देशांक लावून विकणाऱ्यास कायद्यात कैद व दंडाची तरतूद आहे. परिधान करणाऱ्यास मात्र नाही. नामांकित विदेशी कंपनीची बनावट पिशवी मिरवणाऱ्याला तिचा बनावटपणा बहुधा ठाऊक असतो. चिकनच्या बाबतीत अनेक ग्राहकांना फरकच कळत नाही, आणि कळला तरी स्वस्ताईपुढे तो गौण ठरतो. झळ पोहोचते ती घरी बसून, नगावर मजुरी घेऊन मुर्री, फंदा, जाळीचे टाके घालणाऱ्या स्त्रियांना. पारख करायची तर कापड उलटून पाहावे : यंत्राचे टाके मागेही एकसारखे असतात, हातचे किंचित असमान, गाठी दिसणारे.