धनुष्याच्या दोन भुजांचा तोल

लाकडी धनुष्याचे मुख्य भाग तीन: मधली मूठ आणि तिच्या वर-खाली जाणाऱ्या दोन भुजा. दोरी ओढली की भुजा वाकतात, हाताची ताकद त्या बाकात साठते आणि दोरी सुटताच ती बाणाला मिळते. भुजा एकाच जागी जास्त वाकली, किंवा एक भुजा दुसरीपेक्षा नरम राहिली, तर सगळा ताण नरम जागेवर येतो. हाताला हिसका बसतो, नेम चुकतो आणि पुढेमागे धनुष्य तिथेच मोडते. म्हणून या कामात सर्वाधिक वेळ जातो तो भुजा थोड्या थोड्या तासून त्यांचा बाक जुळवण्यात.

धनुष्याचे लाकूड रानातून येते, पण लातूरच्या काळ्या मातीच्या पठारावर जंगल नावापुरतेच आहे. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला किनवट आणि माहूरच्या डोंगरांत मात्र साग, धावडा, धामण आणि बांबूचे रान आहे. गोंड, कोलाम, परधान आणि आंध या जमातींची इथे जुनी वस्ती आहे. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि आजही दोन्हीकडचे रान एकमेकांना लागूनच आहे. धनुष्यासाठी या रानातली दोन झाडे विशेष उपयोगी. धामणीचे लाकूड चिवट आणि लवचीक असते; धनुष्यासाठी आणि अवजारांच्या दांड्यांसाठी ते पूर्वापार वापरले जाते. दुसरा मानवेल बांबू. त्याचे पेर जाड भिंतीचे, बुडाकडे जवळजवळ भरीव असते. धनुष्याला ताड, वेळू, लाकूड आणि शिंग असे चार प्रकारचे साहित्य चालते, अशी नोंद कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आहे.

बांबू तीन-चार वर्षांचा, पक्का झालेला घ्यावा लागतो. तो पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडतात. तेव्हा त्यात पिष्ट कमी असल्याने भुंगा लागण्याची भीती कमी असते. मग तो उभा चिरून कामट्या काढायच्या आणि सावलीत वाळवायच्या. उन्हात वाळवले तर तडे जातात. ओलसर राहिले तर वाकवलेले लाकूड तसेच वाकून राहते आणि त्याचा जोर जातो.

धनुष्याची पाठ म्हणजे नेमाकडची बाजू, पोट म्हणजे तिरंदाजाकडची. वाकताना पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. पाठीवरचा धागा तुटला की तिथूनच भेग सुरू होते. म्हणून पाठीला लाकडाचा एकच अखंड थर ठेवतात आणि तासायचे ते फक्त पोटाकडून. बांबूत सर्वांत मजबूत धागे सालीलगत दाट असतात. साल पाठीकडे ठेवून आतली बाजू तासली की हा नियम आपोआप पाळला जातो.

भुजेचा कडकपणा रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी एक दशांशाने कमी केली तर कडकपणाही एक दशांशाने उतरतो. जाडी तेवढीच कमी केली तर तो सुमारे २७ टक्के घटतो. त्यामुळे जाडीवर रंधा चालवताना घाई महागात पडते. काढलेले लाकूड परत लावता येत नाही. दुसरीकडे तासून तोल साधावा लागतो आणि तेवढे धनुष्य कमजोर होते.

काम टप्प्याटप्प्याने चालते. आधी वाकसाने आणि रंध्याने ढोबळ आकार देतात. भुजा मुठीजवळ जाड आणि टोकाकडे निमुळती असते. लांबी ओढीच्या निदान दुप्पट हवी. त्यानंतर धनुष्याचे एक टोक जमिनीवर टेकवून मुठीवर हलका भार देतात. भुजा कुठे वाकते आणि कुठे ताठ राहते ते डोळ्यांना दिसते. दोन्ही भुजा बऱ्यापैकी वाकू लागल्या की टोकांना खाचा पाडून लांब, सैल दोरी बांधतात. मूठ भिंतीवरच्या खुंटीवर टेकवून दोरी कप्पीतून थोडी थोडी खाली ओढतात आणि चार पावले मागे उभे राहून बाक पाहतात. ताठ जागांवर कोळशाने खूण करून फक्त तिथेच खरवडायचे. नरम जागेला हात लावायचा नाही. खरवडायला सुरी, कानस किंवा काचेचा तुकडा चालतो.

प्रत्येक वेळी तासल्यावर दोरी वीस-तीस वेळा हलकेच ओढून, हातातून न सोडता सावकाश परत नेतात. लाकूड नव्या बाकाला सरावल्यावरच त्याचा परिणाम दिसतो. ठरवलेल्या जोरापेक्षा जास्त ओढायचे नाही. एखादी जागा वाकत नाही म्हणून जोर वाढवला, तर आधीच नरम असलेली जागा दबते.

बांबूची गाठ पेरापेक्षा ताठ असते, म्हणून गाठीच्या आतल्या बाजूला थोडे अधिक तासावे लागते. शिवाय बुडाकडे भिंत जाड आणि शेंड्याकडे पातळ असते. बुडाकडची बाजू खालच्या भुजेला ठेवली तर हा फरक उपयोगाचाच ठरतो. बाण हाताच्या वरून जातो, त्यामुळे मूठ मध्यापासून बहुधा थोडी खाली असते आणि खालची भुजा आखूड पडते. दोन्ही भुजा एकाच क्षणी सरळ व्हाव्यात यासाठी ती किंचित कडक ठेवतात. दोरी चढवल्यावर भुजांच्या मध्यावर दोरीपर्यंतचे अंतर मोजले की वरच्या बाजूला ते साधारण ३ ते ६ मिलिमीटर जास्त भरते.

समोरून पाहताना दोरी मुठीच्या मधून जायला हवी. ती एका बाजूला सरकली, तर ज्या बाजूला सरकली तिच्या विरुद्ध कडेचे लाकूड थोडे काढतात. पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या उमटल्या तर तिथले धागे दबून चिरडले आहेत असे समजावे. त्या जागेच्या दोन्ही अंगांना तासून तिच्यावरचा ताण हलका करणे एवढेच मग हाती उरते.

शेवटी कडा गोल करून, पॉलिश पेपरने घासून तेल पाजतात. दोरीसाठी ताग, रुई, मूर्वा आणि वेळूचीही नावे अर्थशास्त्रात येतात. सातपुड्यातल्या भिल्लांच्या कमठ्याला, म्हणजे धनुष्याला, आजही बांबूच्या पट्टीची दोरी असते. भारतीय तिरंदाजी संघटनेच्या ‘इंडियन राऊंड’ प्रकारात ३० आणि ५० मीटरवर लाकडी-बांबूची धनुष्ये वापरतात, त्यामुळे या हस्तकौशल्याला मैदानावरही जागा आहे. वापर संपल्यावर दोरी उतरवून धनुष्य आडवे ठेवावे आणि बाण न लावता दोरी ओढून सोडू नये. बाणाला जाणारी सगळी ताकद तेव्हा भुजांतच आदळते आणि जुळवलेला बाक बिघडतो.