लिनक्सची तोंडओळख : फाइलींचे झाड

लिनक्समध्ये सी, डी असे वेगवेगळे ड्राइव्ह नसतात, आणि विंडोजची सवय असलेला माणूस आधी इथेच अडखळतो. संगणकावरच्या सगळ्या फाइली एकाच झाडावर असतात. या झाडाच्या मुळाला 'रूट' म्हणतात आणि ते नुसत्या तिरक्या रेघेने (/) दाखवतात. ही मांडणी युनिक्सची आहे. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९६९ साली युनिक्सचे काम सुरू झाले. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स लिहिताना तीच पद्धत ठेवली. वापरकर्त्याच्या फाइली 'होम'मध्ये असतात, प्रणालीच्या मांडणीच्या 'ईटीसी'मध्ये. उबुंटूत पेनड्राइव्ह लावला की तोही 'मीडिया'खालची एक फांदी होतो.

या झाडावर चढायला टर्मिनल हवे. 'पीडब्ल्यूडी' ही आज्ञा आपण कुठे आहोत ते सांगते (बांधकाम खात्याशी तिचा संबंध नाही). 'एलएस' फोल्डरमध्ये काय आहे ते दाखवते, 'सीडी' फोल्डर बदलते आणि 'एमकेडीआयआर' नवा फोल्डर करते. सरावासाठी आपल्या शिराळा (बत्तीस शिराळा) तालुक्याच्या आणि त्यातल्या गावांच्या नावांचे फोल्डर करणे सोयीचे आहे. मात्र 'एमकेडीआयआर बत्तीस शिराळा' असे लिहिले, तर 'बत्तीस' आणि 'शिराळा' असे दोन फोल्डर तयार होतात! आज्ञेच्या पुढे मोकळी जागा आली की तिथून दुसरे नाव सुरू झाले, असे टर्मिनल धरते. दोन शब्दांचे नाव हवे असेल तर ते अवतरणचिन्हांत लिहावे.

नंतर 'सीडी शिराळा' करून आत मांगले, कोकरूड आणि मणदूर हे फोल्डर करावेत. बाहेरून मणदूरला जायचे तर मार्ग 'शिराळा/मणदूर' असा होतो. एक पायरी वर यायला 'सीडी'पुढे दोन टिंबे पुरतात. तिरक्या रेघेने सुरू होणारा मार्ग मुळापासून मोजला जातो, तसा नसलेला आपण असू तिथून. नवशिक्यांच्या बहुतेक चुका हा फरक विसरल्याने होतात.

फाइलींना मराठी नावे बिनदिक्कत द्यावीत. इंग्रजीत लहान-मोठ्या लिपीतली नावे लिनक्स वेगळी मानते, देवनागरीत तो प्रश्नच येत नाही. मात्र यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना-वेलांट्या स्वतंत्र मोजल्या जात असल्याने 'शिराळा' हे नाव सहा चिन्हांचे, म्हणजे १८ बाइटचे होते. ईएक्सटी४ या फाइलप्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. म्हणजे ८५ देवनागरी चिन्हे मावतात. काही टर्मिनलांत जोडाक्षरे तुटलेली दिसतात; तो दाखवण्यातला दोष असतो, फाइलीचे नाव शाबूत असते.

पुसताना मात्र सावध राहावे. 'आरएम'ने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, थेट जाते. 'आरएमडीआयआर' फक्त रिकामा फोल्डर काढते, आत काही असेल तर नकार देते. चुकून झालेला 'बत्तीस' काढायला तीच वापरावी.