नगरची प्रार्थनामंदिरे आणि हातमागाचा वारसा

बीड जिल्ह्याच्या पश्चिम सीमेला लागून असलेले अहिल्यानगर, म्हणजेच पूर्वीचे अहमदनगर, आष्टी-कडामार्गे बीडकरांना पूर्वीपासून परिचित आहे. आता त्याला लोहमार्गाचीही जोड मिळाली आहे. नगर-आष्टी गाडी २०२२ मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हा मार्ग बीडपर्यंत पोहोचला. नगरला येणारा प्रवासी किल्ला पाहतो, चांदबिबीचा महाल पाहतो आणि परततो. शहरातील प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिरांकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. या वास्तूंचा संबंध केवळ एका धर्माशी नसून नगरच्या मागावरील उद्योगाशी व मराठी वाङ्मयाशीही आहे.

नगर हे एकेकाळी विणकरांचे शहर होते. साळी, कोष्टी, पद्मशाली कुटुंबांच्या घरोघरी माग चालत आणि येथील लुगडी दूरच्या बाजारपेठांत जात. अशा या शहरात १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र स्थापन झाले. मुंबईत १८१३ पासून कार्य करणाऱ्या या मिशनची नगर येथील पहिली मंडळी १८३३ मध्ये संघटित झाली. पुढे आसपासच्या खेड्यांतील महार, मांग कुटुंबे मोठ्या संख्येने तीत सामील झाली. हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक हे ब्राह्मण कुळातील गृहस्थ तिचे पाळक झाले. ज्या काळी पाणवठेही वेगळे होते, त्या काळी या साऱ्यांनी एकाच छपराखाली बसणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

या पंथाच्या वास्तूंत मूर्ती वा भव्य सजावट आढळत नाही. लक्ष वेधते ते व्यासपीठ, कारण येथील उपासनेत प्रवचनाला व सामुदायिक गायनाला प्रधान स्थान असते. ह्यूम मेमोरियल चर्चचे नाव रॉबर्ट ह्यूम यांचे स्मरण देते. मुंबईत जन्मलेल्या ह्यूम यांनी १८७४ पासून नगरला कार्य केले. छप्पन्नच्या दुष्काळातील त्यांच्या मदतकार्याची सरकारदरबारीही दखल घेतली गेली होती.

त्या दुष्काळाने शेकडो मुले पोरकी झाली. त्यांना केवळ अन्न देऊन भागणार नव्हते. हाताला कसब देणे अगत्याचे होते. मिशनच्या सर दिनशा माणेकजी पेटिट औद्योगिक शाळेत सुतारकाम, सतरंज्या-गालिचे विणणे, धातूवरील ठोकीव नक्षी इत्यादी कामे शिकविली जात. १९०१ मध्ये डेव्हिड चर्चिल हे अमेरिकन अभियंते येथे आले. गिरणीच्या कापडापुढे हातमाग हरत आहे, हे त्यांनी ओळखले. मागाचा वेग वाढला, तरीही तो विणकराच्या झोपडीत बसेल व त्याच्या ऐपतीत राहील, तरच हा धंदा तगेल, या विचाराने त्यांनी नव्या मागावर अनेक वर्षे प्रयोग केले. ‘चर्चिल माग’ या नावाने तो ओळखला गेला. प्रयोग मोलाचा होता, परंतु गिरण्या व त्यांच्यामागून आलेले यंत्रमाग यांच्यापुढे नगरचा हातमाग फार काळ टिकू शकला नाही. आज प्रार्थनामंदिरे उभी आहेत, मागांचा आवाज मात्र बहुतेक थांबला आहे. म्हणूनच या मंदिरांबरोबर जुन्या शाळा व कार्यशाळांच्या खुणाही पाहावयास हव्यात, आणि त्या आहेत तोवर त्यांची नोंद व्हावयास हवी.

शिक्षणाच्या क्षेत्रात सिंथिया फरार यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. त्यांच्या नगर येथील मुलींच्या शाळेपासून जोतीराव फुले यांना प्रेरणा मिळाली आणि सावित्रीबाईंनी तेथे अध्यापनाचे शिक्षण घेतले. ‘ज्ञानोदय’ नियतकालिकही १८४२ मध्ये नगरातच जन्मले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक पुढे नगरला राहिले. त्यांची भजने प्रार्थनामंदिरांतून आजही देशी चालींवर गाइली जातात. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात त्या काळचे नगर पानोपानी भेटते. तो वाचून येणाऱ्यास हे शहर अधिक दिसेल, हे निश्चित.

वेळ असल्यास छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील नेवासे तालुक्यातील वडाळ्यासही जावे. तेथे सॅम्युएल फेअरबँक यांनी १८५७ पासून धर्मकार्याबरोबरच सुधारलेल्या नांगराचा प्रसार केला व दख्खनच्या पक्ष्यांचा अभ्यास केला.

१९७० मध्ये अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तेव्हा मिशनच्या परंपरेतील मंडळ्याही तीत समाविष्ट झाल्या. ही उपासनेची जिवंत स्थाने आहेत. त्यामुळे आतून पाहण्यापूर्वी तेथील पाळकांची अनुमती घ्यावी. रविवारी सकाळी गेल्यास उपासना चालू असते. मागील बाकावर शांत बसून तबल्या-पेटीच्या साथीवरील भजन ऐकावयास सहसा कोणाची हरकत नसते.