लांब भिंग आणि हाताचा कंप

गेल्या हिवाळ्यांत आमच्या वर्गांतील कांहीं मुलें कर्नाळ्यास जाऊन आलीं. करंजाड्याहून तें स्थान दूर नाहीं. गोव्याच्या रस्त्यानें पनवेल मागें टाकलें कीं थोड्याच वेळांत किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसूं लागतो. १९६८ सालीं स्थापन झालेलें तेथील पक्षी-अभयारण्य वाचकांस परिचित असेलच. एका विद्यार्थ्यानें उसनें मागून आणलेल्या ४०० मिलिमीटरच्या भिंगानें भृंगराजाचीं पुष्कळ छायाचित्रें घेतलीं. तीं बहुतेक पुसट निघालीं. "सर, भिंगच वाईट आहे," असें त्यानें सांगितलें, आणि त्याच्या वडिलांनीं कर्ज काढून अधिक किंमतीचें भिंग घेण्याचा बेत केला. त्यांस आम्हीं आठ दिवस थांबण्याची विनंती केली.

कारण त्याच चित्रांत सुळक्याचेंही एक चित्र होतें, आणि तेंही पुसट होतें. पक्षी हलला असें म्हणतां येतें. पाषाणास तसें कसें म्हणावें? नीट पाहतां उन्हांत चमकणारा प्रत्येक ठिपका एकाच दिशेनें ओढल्यासारखा लांबट झालेला दिसला. हीच हाताच्या कंपाची खूण होय. भिंगाचा नेम चुकला असतां पुढची वा मागची एखादी वस्तु तरी रेखीव येते, आणि पक्षी हलला असतां फांदी स्पष्ट राहते.

लांब भिंग दूरची वस्तु मोठी करतें, तसा आपला कंपही मोठा करतें. कॅमेरा अंशाचा केवळ दहावा भाग हलला, तर तीस मीटरांवरील झाडापाशीं ती चूक सुमारें पांच सेंटिमीटरांची होते; म्हणजे शिंजिराच्या अर्ध्या देहाएवढी! ५० मिलिमीटरच्या भिंगास सेकंदाचा पन्नासावा भाग हातांत धरून चालतो. ४०० च्या भिंगास चारशेवा भाग तरी हवा, आणि कॅमेऱ्याचा संवेदक लहान असल्यास सहाशेवा. झाडीच्या सावलींत इतका प्रकाश नसतो. तेथें संवेदनशीलता, जिला आयएसओ म्हणतात, ती वाढवावी. चित्रांत थोडे कण दिसतील, पण कण पत्करले. कंप मागाहून निघत नाहीं.

धरण्याची रीतही महत्त्वाची. डावा तळवा भिंगाखालीं, कोपरें बरगड्यांशीं, पाठ झाडास टेकलेली. श्वास अर्धा सोडून कळ हलकेच दाबावी, धक्का देऊं नये. तीन-चार चित्रें लागोपाठ घेतलीं तर मधलें बहुधा बरें येतें, कारण बोटाचा धक्का पहिल्यास लागतो.

तिपाई असल्यास उत्तमच. परंतु तिचा मधला दांडा वर काढूं नये, आणि जड भिंगास स्वतःचें कडें असल्यास तिपाईस तेंच जोडावें. कळ बोटानें न दाबतां दोन सेकंदांच्या विलंबावर सोडावी. भिंगांतील कंपनिरोधक यंत्रणा जुन्या बनावटीची असेल तर तिपाईवर ती बंद करावी, नाहीं तर तीच हालचाल उत्पन्न करते. तिपाई नसेल त्यानें खादीची पिशवी शिवून तींत तांदूळ अर्धवट भरावे व कठड्यावर ठेवून तिच्यावर भिंग टेकावें. आम्हांस तर हें साधन तिपाईहून प्रिय आहे. घरीं परतल्यावर तांदूळ शिजवितांही येतात.

त्या विद्यार्थ्याच्या आईनें अशी पिशवी शिवून दिली. पुढच्या शनिवारीं त्याच भिंगानें त्यानें पुन्हा सुळका टिपला. सकाळच्या चित्रांत खडकाची एकेक भेग मोजतां येत होती. दुपारचीं मात्र पुन्हा थरथरलेलीं निघालीं. तो दोष त्याचा नव्हे. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा प्रकाशास वांकविते, तिला तिपाई काय करणार? तेथें सकाळीं लवकर जावें, किंवा पक्ष्याच्या अधिक जवळ बसून वाट पाहावी. भिंगाचा बेत वडिलांनीं तूर्त रहित केला आहे.